व्हीपीएस रीबूट झाला की सर्व्हिस उठत नाही, हाताने चालू केली की लगेच चालते

लक्षण असं. सकाळी नऊला खानापुरातल्या एखाद्या क्रेडिट सोसायटीचे पिग्मी (रोजची छोटी बचत गोळा करणारे) एजंट गावात फिरायला निघायच्या आधी मोबाइलवर अ‍ॅप उघडतात आणि पांढऱ्या पानावर दिसतं: ५०२ बॅड गेटवे. ऑफिसातून फोन फिरतो, कोणीतरी एसएसएचने (दूरच्या मशीनचं टर्मिनल उघडून) आत शिरून सर्व्हिस चालू करतं, दोन सेकंदांत सगळं सुरळीत. महिना-दीड महिना जातो आणि पुन्हा तेच. मधल्या काळात कोड बदललेला नसतो, सेटिंगला कोणी हात लावलेला नसतो. मशीन तेवढं एकदा रीबूट झालेलं असतं.

निपाणी-चिकोडीकडे पहिला संशय लाइटवर जातो. पण व्हीपीएस, म्हणजे भाड्याचं मशीन, मुंबईच्या किंवा बंगळूरच्या डेटा सेंटरमध्ये असतं. इथली लाइट गेली म्हणून ते बंद पडत नाही. लाइटचा संबंध येतो तो वेगळ्याच वाटेनं, ते शेवटी पाहू.

५०२ चा अर्थ आधी नीट लावून घ्या. हे पान एनजिनएक्स (पुढे बसून विनंत्या घेणारा वेब सर्व्हर) दाखवतो, म्हणजे मशीन उठलंय, नेटवर्क आहे, एनजिनएक्सही उठलाय. त्याच्या मागचं अ‍ॅप्लिकेशन मेलेलं आहे. पानच उघडत नसेल तर गोष्ट वेगळी; ती डिस्क आणि एनजिनएक्सच्या भागात येईल.

पुढची मांडणी डेबियन किंवा उबुंटूवरच्या नेहमीच्या जोडणीसाठी आहे: पुढे एनजिनएक्स, मागे गनिकॉर्न या सर्व्हरवर पायथॉनचं अ‍ॅप, त्याच मशीनवर पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस, आणि सगळं उठवणारा सिस्टमडी. उदाहरणातल्या सर्व्हिसचं नाव पिग्मी.सर्व्हिस धरलंय. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

रीबूट कधी झाला आणि कोणी केला

अपटाइम -एस

मशीन शेवटचं कधी उठलं ते ही आज्ञा सांगते. त्यानंतर

जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स

यात आतापर्यंतच्या सगळ्या बूटची यादी यायला हवी. एकच ओळ आली तर जर्नल (सिस्टमडीची नोंदवही) मेमरीत राहतोय आणि रीबूटबरोबर पुसला जातोय; काही होस्टिंगवाल्यांच्या तयार इमेजमध्ये असं असतं. /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर तयार करा आणि सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा, पुढच्या वेळेपासून नोंदी टिकतील. जागेची काळजी नको. जर्नल त्या फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतच वाढतो.

वेळ वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. नवीन व्हीपीएसचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. जर्नलमध्ये ०३:३० दिसलं की इथले सकाळचे नऊ. उबुंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या (आपोआप अपडेट लावणारं पॅकेज) सेटिंगमध्ये कोणी आपोआप रीबूट चालू करून वेळ 'रात्री २' ठेवली असेल, तर ते मशीन प्रत्यक्षात सकाळी साडेसातला रीबूट होतं. दीड तासानं ऑफिस उघडतं आणि सगळे होस्टिंगवाल्याला बोल लावतात. टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता करा आणि त्यानंतर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) रीस्टार्ट करा, नाहीतर क्रॉन जुन्याच वेळेवर चालत राहतो.

एनेबल आणि स्टार्ट

हे पटकन तपासून बाजूला ठेवा.

सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड पिग्मी.सर्व्हिस

स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर, एनेबल म्हणजे बूटच्या वेळी चालू कर. एक केलं म्हणून दुसरं होत नाही. उत्तर डिसेबल्ड आलं तर सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ पिग्मी.सर्व्हिस द्या. स्टॅटिक आलं तर युनिट फाइलीच्या (सर्व्हिसची सेटिंग लिहिलेली फाइल) तळाशी इन्स्टॉल विभागच नाही, म्हणून बूटशी जोडायला धागाच मिळत नाही; त्या विभागात वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट ही ओळ घाला, डेमन-रीलोड करा (म्हणजे सिस्टमडी फाइल पुन्हा वाचतो) आणि मग एनेबल. मास्क्ड आलं तर कोणीतरी मुद्दाम कुलूप घातलंय. काढायच्या आधी का घातलं ते विचारा.

एनेबल्ड असूनही उठत नसेल तर खरा तपास इथून पुढे.

जर्नलमधली ती एक ओळ

जर्नलसीटीएल -बी -यू पिग्मी.सर्व्हिस

-बी म्हणजे या बूटच्याच नोंदी. मागच्या बूटच्या हव्या असतील तर -बी -१. हाताने चालू करायच्या आधीच हे पाहिलं तर उत्तम, म्हणजे तुमच्या स्टार्टच्या नोंदी मध्ये मिसळत नाहीत.

दहातल्या सात-आठ वेळा इथे एकच चित्र दिसतं. एकाच मिनिटात पाच वेळा 'स्टार्टेड', पाच वेळा 'फेल्ड', आणि मग

स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली

गनिकॉर्न असेल तर प्रत्येक अपयशाशेजारी स्टेटस=३/नॉटइम्प्लिमेंटेड असंही दिसतं. त्या शब्दावरून 'ही सोय या लिनक्सवर नाही' असा अर्थ काढून लोक दिवस वाया घालवतात. गनिकॉर्न वर्कर उठला नाही की ३ हा आकडा देऊन बाहेर पडतो, आणि सिस्टमडी त्या आकड्याला जुन्या यादीतलं नाव चिकटवतो, एवढंच. खरं कारण त्याच्या आठ-दहा ओळी वर असतं. तिथे बहुधा पोस्टग्रेएसक्यूएलचं उत्तर सापडतं: कनेक्शन रिफ्यूज्ड, किंवा 'द डेटाबेस सिस्टम इज स्टार्टिंग अप'.

म्हणजे घडलं असं. मशीन उठलं, अ‍ॅप उठलं, त्यानं डेटाबेसचं दार ठोठावलं. डेटाबेस अजून जागा व्हायचा होता. अ‍ॅप पडलं. रीस्टार्ट=ऑलवेज असल्यामुळे सिस्टमडीनं ते पुन्हा उठवलं, पण किती वेळानं? रीस्टार्टसेक दिलेलं नसेल तर १०० मिलिसेकंदांनी. डोळ्याची पापणी लवेपर्यंत दुसरा प्रयत्न, मग तिसरा. दहा सेकंदांत पाच स्टार्ट ही सिस्टमडीची मूळ मर्यादा आहे. सहावा प्रयत्न त्याच दहा सेकंदांत आला की तो हात झटकतो आणि सर्व्हिसला फेल्ड ठरवतो. त्यानंतर डेटाबेस जागा झाला तरी अ‍ॅपला कोणी हाक मारत नाही. सकाळी नऊला तुम्ही हाताने चालू करता तेव्हा डेटाबेस दीड तासापासून जागा असतो, म्हणून अ‍ॅप पहिल्या फटक्यात उठतं, आणि आजार सापडतच नाही.

या हिशोबात एक खोच आहे. एका स्टार्टपासून पुढच्या स्टार्टपर्यंत दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तरच सहावा प्रयत्न दहा सेकंदांच्या आत पडतो. अ‍ॅप सुस्त असेल, उठून पडायलाच तीन सेकंद घेत असेल, तर मर्यादा कधीच गाठली जात नाही. ते पडत-उठत राहतं आणि डेटाबेस आला की चालू लागतं. म्हणूनच १ जीबीच्या जुन्या प्लॅनवर वर्षभर बिनतक्रार चाललेली सर्व्हिस मोठा प्लॅन घेतल्यावर रीबूटनंतर उठेनाशी होते. पैसे जास्त भरले आणि दुखणं मागे लागलं, अशी तक्रार येते ती याचमुळे. मशीन वेगवान झालं, प्रयत्न भरभर संपले.

उपाय युनिटमध्ये एका ओळीचा आहे: रीस्टार्टसेक=५. दर स्टार्टमध्ये पाच सेकंदांहून जास्त अंतर पडलं की दहा सेकंदांत पाच कधी होणारच नाहीत, मर्यादा आपोआप निकामी. मर्यादाच उठवायची असेल तर स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=० आहे, पण ती ओळ युनिट विभागात हवी. सर्व्हिस विभागात घातली तर सिस्टमडी 'अननोन' म्हणून जर्नलमध्ये कुरकुरतो आणि सोडून देतो; फाइल दिसायला बरोबर, परिणाम शून्य. इंटरव्हल शून्य करून रीस्टार्टसेक १०० मिलिसेकंदच ठेवणं मात्र टाळा. कायमची चूक असेल, समजा पासवर्डच बदललाय, तर अ‍ॅप थांबल्याशिवाय आपटत राहील आणि प्रोसेसर तापवेल. पाच सेकंदांच्या अंतरानं दिवसात जास्तीत जास्त १७,२८० प्रयत्न होतात, तेवढे परवडतात.

फेल्ड झालेली सर्व्हिस हाताने चालू करतानाही कधीकधी तीच 'टू क्विकली'ची ओळ येते. सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड पिग्मी.सर्व्हिस दिलं की मोजणी शून्यावर येते.

आफ्टर, वॉन्ट्स, रिक्वायर्स

डेटाबेसनंतर अ‍ॅप उठावं म्हणून युनिटमध्ये दोन ओळी लागतात: आफ्टर=पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस आणि वॉन्ट्स=पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस. आफ्टर फक्त रांग लावतं, कोणाला बोलावत नाही. वॉन्ट्स बोलावतं, पण रांग लावत नाही. दोन्हींतलं एक लिहून दुसऱ्याचं काम होईल ही आशा व्यर्थ.

वॉन्ट्सच्या जागी रिक्वायर्स लिहिणारे पुष्कळ आहेत, 'डेटाबेस नाही तर अ‍ॅप कशाला' या न्यायानं. ऐकायला बरोबर. पण डेटाबेस पहिल्या प्रयत्नात उठला नाही तर अ‍ॅपची सुरुवातच रद्द होते, जर्नलमध्ये 'डिपेन्डन्सी फेल्ड' येतं, आणि जे सुरूच झालं नाही त्याला रीस्टार्ट=ऑलवेज लागू होत नाही. शिवाय कोणी डेटाबेस हाताने थांबवला तर अ‍ॅपही थांबतं, आणि डेटाबेस परत चालू केला तरी ते आपणहून येत नाही. अशा जोडणीला वॉन्ट्स आणि रीस्टार्टसेक हीच जोडी बरी.

डेबियन-उबुंटूवर अजून एक चकवा. सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेएसक्यूएल केलं की हिरव्या अक्षरात 'अ‍ॅक्टिव्ह, एक्झिटेड' दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. ती सर्व्हिस नुसती छत्री आहे; तिचं काम एक 'ट्रू' नावाची रिकामी आज्ञा चालवून संपतं. खरा डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल@१५-मेन.सर्व्हिस या नावाखाली असतो. डेबियन १२ वर आकडा १५, उबुंटू २२.०४ वर १४, २४.०४ वर १६. तो मेला तरी छत्री हिरवीच राहते. खरी स्थिती पीजी_एलएसक्लस्टर्स सांगतं: ऑनलाइन की डाउन.

मग रांग लावूनही कधीकधी अ‍ॅप आधी का पडतं? होस्टिंगवाल्यानं मशीन धडकन बंद केलं असेल तर पोस्टग्रेएसक्यूएल उठताना डेटा फाइलींत उतरायचे राहिलेले बदल लॉगमधून परत बसवतो. असे बदल पुष्कळ असतील तर यात मिनिटंही जातात. आणि डेटाबेस दुसऱ्या व्हीपीएसवर असेल तर आफ्टरचा काहीच उपयोग नाही, कारण एका मशीनच्या सिस्टमडीला दुसऱ्या मशीनची खबर नसते. दोन्ही मशीन एकाच देखभालीत रीबूट झाली की कोण आधी उठेल ते कोणाच्याच हातात नाही. तिथे रीस्टार्टसेकच कामाला येतं.

हाताने चालतं ते वेगळ्या जगात चालतं

एसएसएचने आत येऊन प्रोग्राम सरळ टर्मिनलवरून (सिस्टमसीटीएलने नव्हे) चालवता तेव्हा शेल तुमची बॅशआरसी वाचतं, पाथ भरतं, भाषा ठरवतं. सिस्टमडी यातलं काही वाचत नाही. जर्नलमध्ये 'टू क्विकली'च्या वरच्या ओळीत पुढच्यापैकी एखादा आकडा असेल तर कारण इथे शोधा.

२०३/एक्झेक: प्रोग्राम सापडला नाही किंवा चालवता आला नाही. एक्झेकस्टार्टमध्ये पूर्ण पत्ता द्या, /ऑप्ट/पिग्मी/व्हेन्व/बिन/गनिकॉर्न असा. तिथे शेल नसतं, त्यामुळे पाइप, दोन अँपरसँड, आउटपुट फाइलीत वळवणारी खूण, घराची नागमोडी खूण, काहीच चालत नाही. फाइल डोळ्यांसमोर असून 'नो सच फाइल' येत असेल तर ती ऑफिसातल्या विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहून चढवली आहे का ते पाहा. विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर ठेवतं, मग पहिल्या ओळीतला 'बॅश' हा 'बॅश आणि शेपूट' होतो, आणि शेपटीवाला बॅश मशीनवर नसतो. कॅट -ए, यातला ए मोठा, दिलं की ती शेपूट प्रत्येक ओळीच्या टोकाला दिसते. डॉस२युनिक्सने काढा. अल्मालिनक्स किंवा रॉकी वापरत असाल आणि प्रोग्राम /होममध्ये असेल तर एसईलिनक्सही हाच २०३ दाखवून अडवतं. प्रोग्राम /ऑप्टमध्ये हलवा.

२१७/युजर म्हणजे युजर ओळीतलं नाव मशीनवर नाही. २००/सीएचडीआयआर म्हणजे वर्किंगडिरेक्टरीचा पत्ता चुकलाय.

एन्व्हायर्नमेंटफाइल ही शेलची स्क्रिप्ट नव्हे. त्यात एक्स्पोर्ट लिहू नका, एका नावात दुसऱ्याचं मूल्य डॉलरने आणू नका. डेटाबेसच्या पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह असेल तर युनिटमधल्या एन्व्हायर्नमेंट ओळीत ते दोनदा लिहावं लागतं, वेगळ्या फाइलीत एकदाच. पासवर्ड बदलला त्या दिवसापासून सर्व्हिस उठत नाही, हे गाऱ्हाणं बऱ्याचदा या टक्क्यावर येऊन थांबतं.

सॉकेट फाइल (एनजिनएक्स आणि गनिकॉर्न यांच्यातला दुवा) /रनमध्ये ठेवली असेल तर त्या फोल्डरकडे पाहा. /रन मेमरीत असतो. रीबूटला कोरा होतो. पहिल्या दिवशी एमकेडीआयआरने हाताने बनवलेला /रन/पिग्मी पुढच्या बूटला नसतो, गनिकॉर्नला सॉकेट ठेवायला जागा मिळत नाही. युनिटमध्ये रनटाइमडिरेक्टरी=पिग्मी लिहा, सिस्टमडी दर वेळी योग्य मालकीनं तो बनवून देतो.

आणि आपल्या सीमाभागाचं खास दुखणं: पावतीवर मराठी किंवा कन्नडऐवजी प्रश्नचिन्हं. पावती मराठी-कन्नड दोन्हींत छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे रीबूटनंतर दिसतं आणि हाताने चालू केलं की जातं, म्हणून लोक फाँट बदलत बसतात. फाँट नसेल तर बहुधा चौकोन दिसतात. प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं आधीच मेली आहेत. तुम्ही एसएसएच करता तेव्हा तुमचा लॅपटॉप स्वतःची भाषेची सेटिंग सर्व्हरकडे पाठवतो, त्यामुळे हाताने चालवलेल्या जावा प्रोग्रामला यूटीएफ-८ मिळतं. बूटला ते मिळत नाही. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ मानलं जातं, पण ८, ११ आणि १७ या आवृत्त्या अजून भाषेच्या सेटिंगवर चालतात, आणि हिशोबाची जुनी सॉफ्टवेअरं त्यांच्यावरच आहेत. युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंट=लँग=सी.यूटीएफ-८ घाला. जावाला वर -डीफाइल.एन्कोडिंग=यूटीएफ-८ हेही द्या.

हाताने तपासायचं असेल तर एन्व्ह -आय लावून, म्हणजे कोऱ्या वातावरणात, त्याच युजरच्या नावानं चालवून पाहा. तेव्हा पडलं तर बूटलाही पडणारच.

जोडलेली डिस्क

होस्टिंगवाल्याकडून वेगळी डिस्क घेऊन /डेटावर लावली असेल तर एफएसटॅबमधल्या (कोणती डिस्क कुठे लावायची याची यादी) ओळीकडे बारकाईनं पाहा. /डेव्ह/व्हीडीबी असं नाव लिहिलं असेल तर ते रीबूटनंतर बदलू शकतं. बीएलकेआयडीने यूयूआयडी (डिस्कची न बदलणारी ओळख) काढून तोच लिहा. नोफेल (डिस्क मिळाली नाही तरी पुढे जा) नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टमडी ९० सेकंद वाट पाहतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. तिथे एसएसएच नसतं. होस्टिंगच्या पॅनेलमधला कन्सोल उघडावा लागतो, आणि रूटला पासवर्डच नसेल तर 'रूट अकाउंट इज लॉक्ड' म्हणून तोही दार लावतो. मग रेस्क्यू मोड, मूळ डिस्क तिथे माउंट करून एफएसटॅब दुरुस्त करणं. अर्धा दिवस गेला.

म्हणून सगळे सांगतात नोफेल लावा. लावाच, बरोबर एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस हेही. पण नोफेलची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. नोफेल लावलं की बाकीचा बूट त्या डिस्कसाठी थांबत नाही. अ‍ॅप आधी उठतं, त्याला /डेटा नावाचा रिकामा फोल्डर दिसतो, आणि ते त्यातच नव्या पावत्या लिहायला लागतं. काही सेकंदांनी खरी डिस्क त्याच्यावर येऊन बसते आणि मधल्या पावत्या तिच्याखाली झाकल्या जातात. आकडे जुळत नाहीत आणि फाइलीही दिसत नाहीत. हे ५०२ पेक्षा कितीतरी वाईट, कारण स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असतं.

यासाठी अ‍ॅपच्या युनिट विभागात रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा लिहा. डिस्क नाही तर अ‍ॅप नाही; इथे अडून बसणंच हवं. वर जादा खबरदारी म्हणून डिस्क काढलेली असताना रिकाम्या /डेटा फोल्डरवर सीएचएटीटीआर +आय मारून ठेवा, म्हणजे डिस्क नसताना रूटलाही तिथे लिहिता येणार नाही.

एफएसटॅब बदलल्यावर फाइंडएमएनटी --व्हेरिफाय, डेमन-रीलोड आणि माउंट -ए हे तिन्ही केल्याशिवाय रीबूट करू नका.

एनजिनएक्सच उठला नाही तर

पान अजिबात उघडत नाही, पण एसएसएच चालतं. जर्नलमध्ये 'होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम' असेल तर एनजिनएक्स उठला तेव्हा डीएनएस तयार नव्हता. त्याच मशीनवरच्या अ‍ॅपकडे पाठवताना नाव न लिहिता १२७.०.०.१:८००० लिहा. ठरावीक आयपीवर ऐकायला सांगितलं असेल आणि 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस' येत असेल तर तो आयपी अजून मशीनला मिळालेला नसतो. नेटवर्क.टार्गेट ही रांग इथे पुरत नाही. तिचा अर्थ नेटवर्कचं काम सुरू झालं एवढाच. वॉन्ट्स आणि आफ्टर दोन्हींत नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट हवं. डेबियनच्या एनजिनएक्स युनिटमध्ये रीस्टार्टची ओळ नसते, ती सिस्टमसीटीएल एडिट एनजिनएक्सने वरून घाला. /लिबमधली मूळ फाइल बदलू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते.

आरसी.लोकल आणि स्लीप ३०

बऱ्याच मशीनवर आधीच्या माणसानं आरसी.लोकलमध्ये (बूटच्या वेळी चालणारी जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट) 'स्लीप ३०' आणि खाली अ‍ॅपची आज्ञा लिहून प्रश्न मिटवलेला सापडतो. क्रॉनमधलं अ‍ॅटरीबूट हाही त्याचाच भाऊ. चालतं, जोवर डेटाबेस तीस सेकंदांत उठतो तोवर. नंतर कोणीतरी तीसचे साठ करतं. अ‍ॅप दुपारी पडलं तर त्याला उठवणारं कोणी नसतं, आणि आउटपुट कुठे गेलं ते सापडत नाही. हे काढून टाका, नाहीतर युनिट नीट केल्यावर अ‍ॅपच्या दोन प्रती ८००० वर भांडत बसतील.

सगळं बसवल्यावर फाइल अशी दिसते.

युनिट विभाग:
डिस्क्रिप्शन=पिग्मी कलेक्शन
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा

सर्व्हिस विभाग:
टाइप=सिंपल
युजर=पिग्मी
वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/पिग्मी
एन्व्हायर्नमेंट=लँग=सी.यूटीएफ-८
एन्व्हायर्नमेंटफाइल=/ईटीसी/पिग्मी.एन्व्ह
रनटाइमडिरेक्टरी=पिग्मी
एक्झेकस्टार्ट=/ऑप्ट/पिग्मी/व्हेन्व/बिन/गनिकॉर्न -बी १२७.०.०.१:८००० अ‍ॅप:अ‍ॅप
रीस्टार्ट=ऑलवेज
रीस्टार्टसेक=५

इन्स्टॉल विभाग:
वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

टाइप=फोर्किंग कुठून कॉपी करून आणू नका. गनिकॉर्न समोरच चालतो, मागे जात नाही. सिस्टमडी ९० सेकंद त्याची वाट पाहतो आणि 'टाइम्ड आउट' म्हणून चालतं अ‍ॅप मारतो. फाइल ठेवल्यावर सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ व्हेरिफाय तिच्या पत्त्यासह चालवा. नावातली एक चुकीची स्पेलिंगही ते दाखवतं.

चाचणी रीबूट करूनच होते. रविवारी, पॅनेलमधून स्नॅपशॉट घेऊन. मुद्दाम वाईट परिस्थिती आणायची असेल तर डेटाबेस आधी डिसेबल करा, म्हणजे तो बूटला उठणार नाही. डेबियनवर सिस्टमसीटीएल डिसेबल छत्रीला लावून भागत नाही, वॉन्ट्स तिला पुन्हा बोलावतंच, /ईटीसी/पोस्टग्रेएसक्यूएल/१५/मेन/स्टार्ट.कॉन्फमध्ये 'ऑटो' च्या जागी 'मॅन्युअल' लिहा. रीबूट करा, दोन मिनिटं थांबा, जर्नलमध्ये अ‍ॅप पाच-पाच सेकंदांनी पडताना दिसलं पाहिजे. आता पीजी_सीटीएलक्लस्टर १५ मेन स्टार्ट. सहा-सात सेकंदांत ५०२ जाऊन लॉगिनचं पान आलं तर जोडणी बरोबर बसली. 'मॅन्युअल' परत 'ऑटो' करायला विसरू नका.

आता लाइट. पावसाळ्यात खानापूर भागात लाइट जाते, पाठोपाठ ऑफिसचा वायफाय जातो, आणि त्याच वेळी कोणी एसएसएचमधून अपडेट लावत असेल तर ते अर्ध्यात तुटतं. पॅकेज उघडलेलं पण बसवलेलं नाही अशा अवस्थेत मशीन चालत राहतं आणि पुढच्या रीबूटला पोस्टग्रेएसक्यूएल उठत नाही. अपडेट नेहमी टीमक्समध्ये चालवा. नेट गेलं तरी काम सर्व्हरवर चालू राहतं, परत आल्यावर टीमक्स अ‍ॅटॅच. तुटलेलं असेल तर आधी डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, मग एपीटी इन्स्टॉल -एफ, आणि ही दोन्ही बिनतक्रार संपली की मगच रीबूट.